लॉन्सेस्टनचं प्रकरण: लाकडाचे हिटर निघाले, मग मृत्यू खरंच कमी झाले का?

हवा आणि आरोग्य या विषयावर थोडं खोलात वाचायला लागलं की लॉन्सेस्टन हे नाव कधीतरी समोर येतंच. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटावरचं हे दुसऱ्या नंबरचं शहर. २००१ च्या सुमाराला लोकवस्ती साधारण ६७ हजार, आणि तेव्हा तिथल्या ६६ टक्के घरांमधे लाकूड जाळून घर गरम करणारा हिटर होता. पुढच्या काही वर्षांत हा आकडा ३० टक्क्यांवर आला. एखाद्या शहराने इतक्या कमी वेळात घराघरातला धूर इतका कमी केला आणि नंतर कोणीतरी बसून आधीचे-नंतरचे मृत्यू नीट ताडून बघितले, असं जगात फार ठिकाणी झालेलं नाही. या प्रकरणातला एक आकडा सगळीकडे फिरतो, "पुरुषांचे मृत्यू ११ टक्क्यांनी घटले" हा, पण त्याच्या मागचंपुढचं फारसं कोणी सांगत नाही आणि माझ्या मते सगळी मजा तिथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकू. इथे लाकूड स्वयंपाकासाठी जळत नव्हतं. हे हिटर म्हणजे दिवाणखान्यात ठेवलेली लोखंडी बंद पेटी, पुढे काचेचं दार, वर छतातून बाहेर गेलेलं धुराडं आणि आत जाणारी हवा कमीजास्त करायला एक सरकती पट्टी. धूर घरात कोंडत नाही, बाहेर जातो. त्यामुळे ज्याच्या घरात हिटर आहे त्याला प्रामाणिकपणे वाटतं की आपल्याकडे सगळं एकदम स्वच्छ आहे, काचेमागे छान ज्वाळा दिसतायत, खोली उबदार आहे, अजून काय पाहिजे. बाहेर गेलेल्या धुराचं पुढे काय होतं हे त्याला दिसतच नाही, आणि दिसलं तरी तो धूर शेजाऱ्यांचा वाटतो.

जागाच तशी आहे

लॉन्सेस्टन नदीच्या खोऱ्यात वसलंय. नॉर्थ एस्क आणि साउथ एस्क या दोन नद्या शहरातच एकमेकींना मिळतात, तिथून टेमर सुरू होते आणि साधारण ७० किलोमीटरवर उत्तरेला समुद्राला जाऊन मिळते. बाजूंनी टेकड्या. दक्षिण गोलार्ध असल्याने हिवाळा जून ते ऑगस्ट, आणि वारा पडलेल्या निरभ्र रात्री पारा शून्याच्या आसपास, कधी खालीही जातो. अशा रात्री जमीन पटापट गार होते, तिला लागून असलेली हवाही गार आणि जड होते, ही जड हवा उतारावरून घरंगळत खोऱ्याच्या तळाशी येऊन साचते आणि तिच्यावर तुलनेने गरम हवेचा थर पातेल्यावर झाकण ठेवावं तसा बसतो. यालाच इन्व्हर्जन म्हणतात. एरवी धूर वर जातो, विरळ होतो, वाऱ्याबरोबर निघून जातो. इन्व्हर्जन असताना तो थोडासा वर जातो आणि तिथेच आडवा पसरत बसतो.

आता बघा, घर गरम करायची गरज सगळ्यात जास्त कधी असते, तर नेमकी याच रात्री. म्हणजे हवा धूर वाहून न्यायला जेव्हा सगळ्यात कमी तयार असते तेव्हाच हजारो धुराडी एकदम चालू होतात. नुसतं "किती टन लाकूड जळलं" बघून हा प्रश्न कळत नाही तो यामुळे. तेवढंच लाकूड समुद्रकिनाऱ्यावरच्या वाऱ्याच्या गावात जळलं असतं तर कदाचित कोणाच्या लक्षातही आलं नसतं.

१९९८ मधे ऑस्ट्रेलियाने देशभरासाठी हवेची मानकं ठरवली. त्यात पीएम १० ची, म्हणजे हवेतल्या १० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून लहान कणांची, २४ तासांची मर्यादा ५० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर होती आणि वर्षात फार तर पाच दिवस ती ओलांडायची मुभा होती. आणि लॉन्सेस्टनमधे १९९४ ते २००० या काळात हिवाळ्यातली रोजची सरासरीच ४४ होती! सरासरी ४४ म्हणजे काही दिवस बरेच खाली आणि काही दिवस ५० च्या चांगलेच वर, हे वेगळं सांगायला नको. शिवाय पीएम १० म्हटलं तरी लाकडाच्या धुरातले बहुतेक कण १ मायक्रॉनपेक्षाही बारीक असतात, म्हणजे नाकात-घशात अडकण्याच्या भानगडीत न पडता थेट फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोचणारे.

हा धूर लाकडाचाच, गाड्यांचा नाही, हे कशावरून? असा प्रश्न तिथेही लोकांनी विचारला असणार, कारण आपला हिटर सोडून बाकी कशावरही संशय घेणं सोपं असतं. हे ओळखायच्या दोन-तीन पद्धती आहेत. एक म्हणजे वेळ: गाड्यांचा धूर ऑफिसच्या वेळेला वाढतो, हिटरचा संध्याकाळी चढतो आणि रात्रभर राहतो. दुसरी म्हणजे लेव्होग्लुकोसान नावाचं रसायन, हे लाकडातलं सेल्युलोज जळल्यावर तयार होतं आणि डिझेल-पेट्रोलच्या धुरात नसतं, त्यामुळे फिल्टरवर ते किती सापडलं यावरून लाकडाचा वाटा काढता येतो. तिसरी पद्धत कार्बन १४ ची, हा कार्बनचाच एक किरणोत्सर्गी प्रकार. झाडात तो असतो आणि लाखो वर्षं जमिनीखाली असलेल्या तेलात उरलेला नसतो. लॉन्सेस्टनच्या हिवाळ्यातल्या कणांचा मुख्य स्रोत लाकडाचे हिटर हेच होते, यावर आता कोणाचं दुमत नाही.

मुळात इतके हिटर आले कुठून, तर सत्तरच्या दशकात तेलाचे भाव भडकले, तेलावर घर गरम करणं परवडेना, आणि टास्मानियात जंगल भरपूर. लाकूड स्वस्त, ओळखीपाळखीत तर फुकट. मग पुढच्या वर्षांत हे बंद पेटीचे हिटर घरोघरी बसले. त्या वेळी हा निर्णय शहाणपणाचाच होता.

रात्री दहानंतर पेटीच्या आत काय होतं

हा भाग जरा सावकाश समजून घेण्यासारखा आहे, कारण "चांगला हिटर घ्या, कोरडं लाकूड वापरा, झालं" या सल्ल्यात काय कमी पडतं ते इथेच कळतं.

लाकूड तसं थेट जळत नाही. ते तापतं, साधारण २००-३०० अंशांपासून त्यातून वायू आणि डांबरासारखी वाफ सुटायला लागते, आणि आपण ज्याला ज्वाळा म्हणतो ती म्हणजे हे वायू जळताना दिसणं. हे वायू पूर्ण जळायला ६०० अंशांच्या आसपास किंवा वर तापमान लागतं आणि भरपूर हवा लागते. दोन्ही मिळालं तर वरून जवळजवळ काहीच दिसत नाही, नुसती थरथरणारी गरम हवा. संध्याकाळी सात-आठला, सगळे हिटरसमोर बसलेले असताना, हवेची पट्टी उघडी असताना, बऱ्याच घरांचं धुराडं असंच असतं.

मग झोपायची वेळ होते. सकाळी उठल्यावर घर गार नको म्हणून घरातलं कोणीतरी दोन जाडजूड ओंडके आत टाकतं आणि हवेची पट्टी जवळपास पूर्ण सरकवून टाकतं, म्हणजे ते रात्रभर धुमसत राहतील. ज्वाळा विझते, आतलं तापमान पडतं, पण ओंडका तापलेलाच असतो, त्यातून वायू सुटतच राहतात, फक्त आता ते जळत नाहीत, तसेच वर जातात. धुराड्यात गार होताना त्यांचे बारीक थेंब बनतात, काही आतल्या भिंतीला काळा चिकट थर होऊन बसतात (याच थराला नंतर आग लागते, ते वेगळं प्रकरण) आणि उरलेले बाहेर पडतात. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, शिवाय बेंझिन, फॉर्माल्डिहाइड, बेंझोपायरीनसारखी कॅन्सरला कारणीभूत ठरणारी द्रव्यं. आणि हे सगळं रात्री अकरा ते पहाटे पाच, म्हणजे इन्व्हर्जनचं झाकण सगळ्यात घट्ट असताना, अंधारात, घरातले सगळे झोपलेले असताना. लाकूड ओलं असेल तर विचारूच नका, ताज्या तोडलेल्या लाकडाचं निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचंच असू शकतं, ते पाणी उकळण्यातच उष्णता खर्च होते आणि तापमान कधी वर चढतच नाही. लाकूड २० टक्के ओलाव्याच्या खाली आणायला चांगलं रचून, वरून झाकून, महिनोनमहिने वाळवावं लागतं, कठीण लाकूड असेल तर वर्ष किंवा जास्तही.

हिटरसाठी तिथे स्टँडर्ड नव्हतं असं नाही. १९९९ च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड स्टँडर्डप्रमाणे एक किलो लाकडामागे ४ ग्रॅमपर्यंत कण चालायचे. पण ती टेस्ट लॅबमधली, मोजूनमापून कापलेलं लाकूड, ठराविक ओलावा, ट्रेनिंग घेतलेला माणूस. लॉन्सेस्टनमधल्याच खऱ्याखुऱ्या घरांच्या धुराड्यांवर यंत्रं लावून मोजलं तेव्हा सरासरी या मर्यादेच्या बरीच वर निघाली. यात आश्चर्य काय, लॅबमधे कोणी रात्री दहाला जांभया देत पट्टी बंद करत नाही.

२००१ मधे नेमकं काय केलं

तीन गोष्टी एकदम केल्या. पहिली, सरकारी पैशातून हिटर बदलायची योजना: लाकडाचा हिटर काढून टाका, त्याजागी विजेवरचा बसवा, खर्चाला हातभार आम्ही लावतो. केंद्र सरकारकडून यासाठी सुमारे २० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर आले. दुसरी, लोकांना समजावणं: धूर कसा बनतो, पट्टी का बंद करायची नाही, ओलं लाकूड का नको, तब्येतीवर काय परिणाम होतो. तिसरी, नियमांची अंमलबजावणी, म्हणजे सतत धूर सोडणाऱ्या घरांकडे पालिकेने लक्ष घालणं.

या तिघांतलं कोणतं किती कामाला आलं हे वेगळं काढता येत नाही, ही या प्रकरणातली एक मोठी अडचण आहे आणि ती मान्य करायलाच हवी. पण माझा अंदाज असा की खरं वजन पहिल्या गोष्टीचं, आणि त्यातही अनुदानाच्या रकमेपेक्षा जास्त, दुसरा पर्याय हाताशी होता याचं. टास्मानियाची वीज मुख्यतः जलविद्युत आहे. म्हणजे लाकूड सोडून विजेवर गेलं की धूर शहरातून उठून दुसरीकडच्या कोळशाच्या धुराड्यात गेला असं होत नाही. त्याच सुमाराला हीट पंप, म्हणजे उलटा चालणारा एसी म्हणा, सहज मिळायला लागले होते. तो बाहेरच्या गार हवेतली उष्णता ओढून आत आणतो त्यामुळे एक युनिट विजेत तीनेक युनिट उष्णता मिळू शकते. थोडक्यात, लोकांना थंडीत कुडकुडायला सांगितलं गेलं नाही, लाकूड तोडायचं-वाहायचं-रचायचं-राख काढायची या कटकटीतून सुटका होईल असं सांगितलं गेलं. वय झालेल्या माणसाला हे पटायला आरोग्याचं लेक्चर लागत नाही.

निकाल: हिवाळ्यातली पीएम १० ची रोजची सरासरी २००१ ते २००७ या काळात ४४ वरून २७ मायक्रोग्रॅमवर आली. जवळपास ३९ टक्के घट. इथपर्यंत वाद नाही.

मृत्यूंचा हिशोब

आता तो प्रसिद्ध अभ्यास. टास्मानियातल्या मेंझीज संशोधन संस्थेतल्या फे जॉन्स्टन आणि सहकाऱ्यांनी तो केला आणि जानेवारी २०१३ मधे ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे आला. त्यांनी जून २००१ ही रेघ धरली, तिच्या आधीची साडेसहा वर्षं आणि नंतरची साडेसहा वर्षं घेतली, आणि दोन्ही काळातले मृत्यू ताडले. पण नुसतं आधी-नंतर बघून भागत नाही, कारण त्या तेरा वर्षांत हृदयविकाराचे उपचारही सुधारले, सिगारेट ओढणंही कमी झालं, मृत्यूदर तसाही घसरतच होता. म्हणून त्यांनी होबार्ट बरोबर घेतलं. होबार्ट त्याच बेटावरचं, तसंच हवामान, तेच सरकार, तशाच आरोग्यसेवा, फक्त तिथे हिटर बदलायची अशी मोहीम झाली नव्हती. शिवाय तापमान, फ्लूच्या साथी वगैरेंचाही हिशोब धरला.

काय निघालं? सगळ्या लोकांचे, सगळ्या कारणांचे मृत्यू धरले तर लॉन्सेस्टनमधे घट दिसते पण ती थोडी आहे, योगायोग म्हणून सोडून द्यावी अशी. पुरुष वेगळे काढले की चित्र बदलतं: सगळ्या कारणांचे मृत्यू ११.४ टक्क्यांनी कमी, हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराचे १७.९ टक्क्यांनी, श्वसनाच्या आजाराचे २२.८ टक्क्यांनी. आणि फक्त हिवाळ्याचे महिने घेतले तर स्त्री-पुरुष मिळून हृदयविकाराचे १९.६ टक्के आणि श्वसनाचे २७.९ टक्के. होबार्टमधे दखल घ्यावी असा बदल काही नाही.

हे आकडे वाचून लोक टाळ्या वाजवतात आणि पुढे जातात. जरा थांबून त्यांच्या शेजारचे कंस बघा, त्यात रेंज दिलेली असते, म्हणजे खरा आकडा साधारण कुठून कुठपर्यंत असू शकतो ते. पुरुषांच्या एकूण मृत्यूंमधली घट ११.४ टक्के, पण तिची रेंज २.९ पासून १९.२ पर्यंत. म्हणजे खरी घट तीन टक्केही असू शकते आणि एकोणीसही. हृदयविकाराची रेंज २.८ ते ३०.६, ही तर इतकी रुंद आहे की मधला १७.९ आकडा छातीठोकपणे सांगायला माझी जीभ रेटत नाही. श्वसनाच्या २२.८ ची रेंज एका टोकाला ४०.६ टक्के घट आणि दुसऱ्या टोकाला ०.३ टक्के वाढ, म्हणजे शून्याला, 'काहीच फरक नाही'ला, जेमतेम शिवलेली. हिवाळ्याच्या दोन्ही आकड्यांचंही तसंच, दोन्ही शून्य थोडंसं ओलांडतात. ६७ हजारांच्या गावात वर्षाला माणसं मरणार किती, त्यातली हिवाळ्यात किती, त्यातली श्वसनाच्या आजाराने किती. आकडा छोटा की रेंज रुंद, यात अभ्यास करणाऱ्यांचा काही दोष नाही.

मग यावर विश्वास ठेवायचा की नाही? मी ठेवतो, आणि कारण एकट्या अकरा टक्क्यांचं नाही. कारण असं की सगळे बाण एकाच दिशेला आहेत. श्वसनाची घट हृदयविकारापेक्षा जास्त, हृदयविकाराची एकूण मृत्यूंपेक्षा जास्त, हिवाळ्यातली वर्षभराच्या घटीपेक्षा जास्त. धुरामुळेच फरक पडला असेल तर अगदी हाच क्रम अपेक्षित आहे. निव्वळ योगायोगाने इतका शहाण्यासारखा क्रम लागणं अवघड आहे. आणि बारीक कण फुप्फुसात गेले की तिथे सूज येते, ती सूज तिथेच थांबत नाही, रक्तात उतरते, रक्त गोठायची प्रवृत्ती वाढते, धमन्या ताठर होतात, आधीच अर्धवट तुंबलेल्या नळीला तेवढं पुरतं, हे इतर शेकडो अभ्यासांतून माहीत झालेलं आहे. धूर म्हटलं की आपण खोकला आणि दमा एवढाच विचार करतो पण बळींची संख्या बघितली तर जास्त माणसं हृदयाच्या वाटेने जातात.

पुरुषांमधेच का दिसलं, याचं समाधानकारक उत्तर कोणाकडे नाही. पुरुषांमधे हृदयविकार लवकर आणि जास्त, त्यामुळे फरक दिसायला जागा जास्त, हे एक. लाकूड फोडणं, राख काढणं, हिटर भरणं ही कामं कोण करतं हा दुसरा धागा, पण तो नुसता तर्क. बायकांना धूर बाधत नाही असा अर्थ मात्र काढू नये, इतक्या छोट्या आकड्यांवरून तो निघतच नाही.

दुसरी वाट: लिबी

तुलनेला एकच प्रकरण घेतो. अमेरिकेत मोंटाना राज्यात लिबी म्हणून छोटं गाव आहे, तेही डोंगरांच्या मधल्या खोलगट जागेत, तिथेही हिवाळ्यातला धूर मुख्यतः लाकडाचा. २००५ ते २००७ मधे तिथे हजाराहून जास्त जुन्या शेगड्या बदलल्या, पण बहुतेक ठिकाणी जुन्या शेगडीच्या जागी नवी, सर्टिफाइड, लाकडाचीच शेगडी बसवली. हिवाळ्यातलं पीएम २.५, म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण, साधारण ३० टक्क्यांनी उतरलं, आणि हवेत दर ५ मायक्रोग्रॅम घट झाली तशी मुलांच्या छातीत घरघर होण्याची शक्यता, आईवडिलांनी सांगितल्याप्रमाणे, सुमारे २७ टक्क्यांनी कमी झाली. छान आहे, नाकारण्यासारखं काही नाही. पण प्रत्येक घरात शेगडी राहिलीच, म्हणजे पट्टी बंद करणारा हात आणि ओलं लाकूडही राहिलं. लॉन्सेस्टनमधे अर्ध्याहून जास्त हिटरवाल्या घरांत पेटवायलाच काही उरलं नाही, तिथे चुकायलाही जागा नाही. मला लॉन्सेस्टनचा रस्ता जास्त टिकाऊ वाटतो तो यामुळे.

आणि "नवा हिटर बंद असतो, घरात धूर येतच नाही" हेही तितकंसं खरं नाही. इंग्लंडमधे शेफील्डच्या आसपास १९ घरांमधे खोलीत सेन्सर ठेवून बघितलं, २०२० मधे ते छापून आलं. लाकूड टाकायला दार उघडलं की खोलीतल्या कणांची पातळी एकदम उसळी मारते आणि नंतर बराच वेळ रेंगाळते. हे सगळे हिटर मान्यताप्राप्त होते.

उरलेले ३० टक्के

प्रकरण २००७ ला संपत नाही. २७ हा आकडा ४४ पुढे छान दिसतो पण तो हिवाळ्यातली सरासरी आहे आणि त्यात थंड शांत रात्री आहेतच. शिवाय मापदंडही सरकला: जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मधे पीएम २.५ ची वर्षाची मर्यादा १० वरून थेट ५ केली आणि २४ तासांची २५ वरून १५. त्या मापाने लॉन्सेस्टनच काय, लाकूड जाळणारं खोऱ्यातलं कुठलंही गाव पास होणं कठीण.

टास्मानियाने २००७ मधे धुराचे नियम आणले. त्यात मजेदार व्याख्या आहे: धुराड्यातून सलग १० मिनिटं धूर दिसला आणि त्या वेळात निदान ३० सेकंद तो धुराड्यापासून १० मीटर किंवा त्याहून लांब दिसत राहिला तर तो गुन्हा. वाचायला नीट वाटतं, कोर्टात उभं राहणारं, मोजता येणारं. पण मघाशी आपण बघितलं की सगळ्यात वाईट धूर रात्री दहानंतरचा. अंधारात १० मीटर कोण मोजणार? दिवसा जो अधिकारी येईल त्याला तेच धुराडं बऱ्यापैकी सभ्य दिसणार. नियम धुराच्या दिसण्यावर आहे आणि त्रास न दिसणाऱ्या वेळेचा आहे. पालिकेला दोष द्यायचा हेतू नाही, दुसरा सोपा मापदंड सुचवणं मलाही अवघड जातंय.

पुढे २०२० मधे संपूर्ण टास्मानियासाठी एक हिशोब आला. २०१० ते २०१९ या दहा वर्षांत लाकूड आणि झाडझाडोरा जळून होणाऱ्या धुरामुळे दरवर्षी सरासरी ६९ मृत्यू, आणि एकूण परिणामांतला सुमारे ७४ टक्के वाटा वणव्यांचा नाही तर घरच्या हिटरचा. हे मृत्यू एकेक करून मोजलेले नाहीत, हवेतले कण आणि धोक्याचं प्रमाण घेऊन मॉडेलमधून काढलेले आहेत, हे लक्षात ठेवून वाचायचं. तरी वणव्याचा धूर बातम्यांत येतो, आकाश लाल झालेले फोटो फिरतात, आणि हिटरचा धूर दर हिवाळ्यात चुपचाप, सरासरीने त्याच्या जवळपास तिप्पट नुकसान करून जातो, ही तुलना मला फार बोलकी वाटली. न्यू साउथ वेल्समधलं आर्मिडेल हे अजून छोटं, पंचवीस हजारांच्या आतलं शहर, तिथे २०२१ च्या अभ्यासात हिटरच्या धुराने वर्षाला १४ अकाली मृत्यू निघाले.

मग ज्यांनी अजून हिटर ठेवलाय ते कोण? यात सरसकट एक गठ्ठा करणं चूक आहे. काहींना ज्वाळा आवडते, त्यांच्याकडे हीट पंपही असतो, हिटर शनिवार-रविवारचा शौक. त्यांच्याशी वाद घालता येतो. पण काहींना लाकूड फुकट मिळतं आणि विजेचं बिल झेपत नाही, घर जुनं, भिंतींना-छताला इन्सुलेशन नाही, हीट पंप लावला तरी उष्णता फटीफटीतून बाहेर. काही भाडेकरू आहेत, हिटर घरमालकाचा, बदलायचा निर्णय त्यांच्या हातात नाही आणि मालकाला बिल भरायचं नसल्याने घाई नाही. या लोकांना दंडाची नोटीस पाठवून काय होणार? इथे आधी छतात इन्सुलेशन आणि नंतर हीट पंप, असा क्रम आणि तसा पैसा लागतो. २००१ च्या योजनेला बदलायला तयार असलेले लोक मिळाले. राहिलेल्यांना तीच योजना पुन्हा दिली तर तेवढं यश मिळेल असं मला वाटत नाही.

बाकी ठिकाणी काय चाललंय बघायचं तर कॅनबेरा असलेल्या राजधानी प्रदेशाने २०४५ पर्यंत लाकडाचे हिटर टप्प्याटप्प्याने घालवायचं २०२३ मधे जाहीर केलं. बावीस वर्षं म्हणजे जरा निवांतच काम आहे. मला स्वतःला अमेरिकेतल्या ऑरेगॉन राज्याची पद्धत जास्त पटते, तिथे २०१० पासून घर विकताना जुनी, सर्टिफाइड नसलेली लाकडाची शेगडी काढून टाकावीच लागते. कोणाच्या घरात घुसून काही उपटायचं नाही, कोणाला थंडीत मधेच गारठवायचं नाही. घराचा व्यवहार होतो तेव्हा पैसा हातात असतो, घर रिकामं असतं, कामगार तसेही येणार असतात आणि नव्या मालकाला ओंडके फोडायची सवय अजून लागलेली नसते. फक्त लॉन्सेस्टनसारख्या ठिकाणी ती अट "सर्टिफाइड नसलेली" एवढ्यावर न थांबवता सगळ्याच लाकडाच्या हिटरना लावायला हवी, आणि भाड्याच्या घरांसाठी विक्रीची वाट न बघता नवा भाडेकरार हीच वेळ धरायला हवी.